धायरीतील तरुणी

तिचं नाव मी सांगणार नाही. सोयीसाठी पूर्वा म्हणते. आमच्या ऑफिसात पूर्वा नावाची कोणी नव्हती, याची मी खात्री करून घेतली आहे. ती कुठे राहायची, तिचे वडील काय करायचे, हेही सांगणार नाही आणि त्या जागी दुसरं काही रचणारही नाही. रचलेला पत्तासुद्धा कुणाचा तरी खरा असतो. हे मला जेवढं कळलंय तेवढं पुण्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

माझं नाव मात्र बिनधास्त घ्या. सत्यशीला. घरी शीला म्हणतात. राहते धायरीत, नोकरी खराडीत, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत जायचं आणि यायचं. वडील नागोराव, सरकारी कारखान्यातून निवृत्त. मूळ गाव नांदेडकडचं. हा तपशील लक्षात ठेवा, कारण तो पुढे इंटरनेटवर येणार आहे.

गोष्ट अशी झाली. आमच्या मॅनेजरने पूर्वावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला न जाता धायरी फाट्यावर येऊन उभी राहिली आणि तिने मला फोन केला. मी तिला पोलिसांकडे घेऊन गेले. तक्रार तिने दिली, मी शेजारी बसले. तिने सगळ्यात आधी मलाच सांगितलं होतं म्हणून पुढे मी सरकारी पक्षाची साक्षीदार झाले. कंपनीने एक शहाणपणा केला, तिची गुपचूप बंगळूरला बदली केली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, हिला भारी प्रोजेक्ट मिळालं. दोघीतिघींचा जळफळाटही झाला.

त्या दिवशी पोलिसांकडून परतताना पूर्वाने माझा हात धरून शब्द घेतला. कुणालाही सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही. मी शब्द दिला. घरी सांगितलं असतं तरी आई गप्प राहिली असती. बाबांच्या पोटात मात्र तीळ भिजत नाही. खरं बोलायला घाबरायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. त्यांना गुपित सांगणं म्हणजे विहारातल्या लाउडस्पीकरला सांगणं.

खटला बंद दाराआड चालेल, असं न्यायाधीशबाईंनी पहिल्याच तारखेला सांगितलं. तिची ओळख पटेल असं काही छापायचं नाही, दाखवायचं नाही, बोलायचं नाही. वार्ताहरांना बजावलं तसं मलाही बजावलं. मी मान डोलावली. मला त्या आदेशाचं कौतुक वाटलं होतं आणि आजही वाटतं. तो मॅनेजर सोडला तर या गोष्टीत दोषी धरावं असं कुणी सापडत नाही, माझ्या डोक्याला ताप आहे तो त्याचाच.

पूर्वा तारखेला यायची ती स्कार्फ बांधून. पुण्यात स्कूटर चालवणारी प्रत्येक मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा गुंडाळून घेते, उन्हासाठी, धुळीसाठी, आणि आईच्या मैत्रिणींनी ओळखू नये म्हणून. त्यामुळे शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मी स्कार्फ बांधत नाही, मला गुदमरतं. त्यामुळे माझा चेहरा सगळ्यांना दिसला. धायरीतल्या निम्म्या लोकांचे जमिनीचे दावे तिथेच चालतात, त्यांनाही दिसला.

तिथल्या बाकावर सौरभ नावाचा एक मुलगा भेटायचा. बातम्यांच्या कुठल्याशा वेबसाइटचा वार्ताहर. आत जाता येत नाही म्हणून बिचारा बाहेर बसून असायचा. चहा पाजायचा. खटल्याबद्दल त्याने मला एक अक्षर विचारलं नाही, सभ्य मुलगा होता. इकडचं तिकडचं बोलायचा, तुम्ही कुठून येता, घरी कोण, गाव कुठलं. माझ्याबद्दल बोलायला मला काय अडचण होती? मी बोलले.

मग एका सोमवारी बातमी आली. ‘खराडीतील आयटी कंपनीत काम करणारी, धायरीत राहणारी तरुणी. कुटुंब मूळचे नांदेड जिल्ह्यातील. वडील सरकारी कारखान्यातून निवृत्त.’ नाव नाही, फोटो नाही. सगळं कायद्याला धरून. फक्त ती मी होते.

मी तणतणत सौरभकडे गेले. तो उलट खुशीतच होता. म्हणाला, “मॅडम, कंपनी सोडली तर एकही गोष्ट खरी लिहिलेली नाही. ओळख लपवायची म्हणून सगळं बदललं. राहण्याची जागा, गाव, वडील, सगळं.”

“हे सगळं खरं आहे,” मी म्हटलं. “माझं आहे.”

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “डोक्यात जे होतं ते उतरलं हो. नुसतं ‘एक तरुणी’ लिहिलं तर एडिटर परत पाठवतो, म्हणतो वाचकाला माणूस दिसला पाहिजे.”

“मग आता दुरुस्ती छाप. ती धायरीची नाही म्हणून.”

“कसं छापू? ती कुठली नाही हे सांगायला लागलो तर कुठली आहे ते लोक शोधणार. कोर्ट मला आत टाकेल, मॅडम.”

त्याने बातमी त्याच दिवशी काढून टाकली. पण तोपर्यंत ती आणखी कितीतरी वेबसाइटनी उचलली होती, आणि धायरीतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमीचा स्क्रीनशॉट फिरत होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा कुणीही काही लिहिलं नाही. कोणीतरी फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याखाली आणखी नऊ-दहा जणांनी हात जोडले.

मी त्या वेबसाइटना लिहायला लागले. एकीवर रकाना भरायचा होता: ‘आपला या प्रकरणाशी संबंध’. पीडित, आरोपी, वकील, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि सविस्तर लिहिलं. उत्तर दोन ओळींत आलं. बातमीत कोणाचीही ओळख उघड केलेली नाही. आपण स्वतः पीडित असाल तर पोलिसांचं पत्र जोडा, बातमी तत्काळ हटवू. म्हणजे ती मी असते तर बातमी निघाली असती. ती मी नाही, म्हणून ती राहणार होती.

तोवर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. मला कुणी टोमणे मारले असते तर मी एकेकीला पुरून उरले असते. पण सगळे चांगले वागत होते. वाणी सुट्टे पैसे नंतर द्या म्हणायचा. बसमध्ये माझ्या शेजारी पुरुष बसेनासे झाले, तेवढी जागा सोडून उभे राहायचे. आमच्या एचआरच्या चैतालीला खरं माहीत होतं, पण तीही नियमाने बांधलेली. तिने सगळ्यांना मेल पाठवला की अफवा पसरवू नका, संबंधित सहकाऱ्याच्या भावना जपा. मेल आला आणि पूर्ण मजल्याने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. त्या दिवसापासून माझा टीम लीड माझ्या कोडमधल्या चुकाही काढेना. मला तर रडूच आलं.

मी सरकारी वकिलांकडे गेले. जयसिंगसाहेब, नारायण पेठेत एका पुस्तकाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. मी म्हटलं, “मला कोर्टाकडून एक ओळ हवी आहे. ती मी नाही, एवढीच.”

त्यांनी चष्मा काढला. “वा. म्हणजे तुम्ही पीडित नाही असं प्रमाणपत्र. उद्या तुमच्या ऑफिसातल्या सगळ्या मुली रांगेत उभ्या राहतील. आणि शेवटी एकीला मिळणार नाही. मग काय करायचं?”

मी पर्स उचलली.

“हे कुलूप फक्त तिलाच उघडता येतं,” ते म्हणाले. “तिने स्वतः लेखी संमती दिली तर. तुम्ही तिला विचारा असं मी म्हणणार नाही, विचारू नका असंही म्हणणार नाही. चहा घेणार का?”

मी चहा घेतला नाही.

त्याच आठवड्यात संपत घरी आला. आमच्या भागातला कार्यकर्ता, कुणाचं रेशन कार्ड असो की कुणाची मयत, पहिला हजर. दारातूनच जयभीम घातला आणि बाबांसमोर हात बांधून उभा राहिला. म्हणाला, “ताई, तुमी फकस्त हो म्हना. आपल्या पोरीवर हात टाकलाय, चौकात मानूस मावनार न्हाय एवढा मोर्चा काडतो.”

“संपतभाऊ, ती मी नाही.”

“आसं म्हनायला लावलंय तुमाला. कळतंय आमाला.” त्याचे डोळे भरून आले होते. “भिऊ नका. समाज हाय पाठीशी.”

पाठीशी उभं राहणारी माणसं अशी सहजासहजी मिळत नाहीत. इथे ती दारात उभी होती, नेमकी चुकीच्या दारात. मोर्चा निघाला असता तर उद्या माझ्या नावाचे फलक लागले असते. मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले तेव्हा तो थांबला. संपत गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “तू नाही म्हणतेस ना, मग नाही.” मला केवढं हलकं वाटलं. कुणी मानो न मानो, घरात तरी मला मानणारं माणूस होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी मला बसपर्यंत सोडायला आणि संध्याकाळी घ्यायला यायला लागले. मी म्हटलं, गुडघे दुखतात तुमचे, कशाला येता? म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

आणि आनंद. विश्रांतवाडीचा, बँकेत अधिकारी. बोलणी जवळजवळ पक्की होती, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. बातमीनंतर महिनाभर त्याचा फोन नाही. मग एक दिवस भेटायला बोलावलं. कॉफी येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाला, “मी खूप विचार केला. मला काही प्रॉब्लेम नाही. आय मीन, यात तुझी काय चूक?”

“कशात?”

“जे झालं त्यात.”

“मला काही झालेलं नाही, आनंद.”

“ओके. तू म्हणशील तसं. आपण तो विषय कधीच काढायचा नाही.”

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर कॉफी त्याच्या शर्टावर ओतून आले असते. हुंडा त्याला नको होता, फक्त जन्मभर माझ्यावर उपकार करायचे होते. मी नाही म्हणून उठले. त्याच्या आईने नातेवाइकांत सांगितलं, पोरगी अजून सावरलेली नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि त्यातही एक काटा होता, तो मला उशिरा टोचला. एकदा बसमध्ये एका बाईने माझा हात कुरवाळला तेव्हा मी ओरडले, “ती मी नाही, कळलं? मी तसली नाही!” मग माझं वाक्य मलाच ऐकू आलं. तसली म्हणजे कसली? पूर्वा मागच्या सीटवर असती तर? जी गोष्ट तिने केलेलीच नाही, तिच्यापासून मी असे हात झटकत होते, जणू घाणीलाच हात लागला होता. त्यानंतर मला ‘ती मी नाही’ हेही मोकळेपणाने म्हणता येईना. इकडे आड, तिकडे विहीर.

उलटतपासणी झाली त्या दिवशी पूर्वा कोर्टाच्या पार्किंगमध्ये भेटली. स्कार्फ आतून ओला झालेला. तिला सगळं कळलं होतं. तिच्या मावशीने बातमी दाखवून तिच्या आईला विचारलं, ही तुझ्या मुलीच्याच कंपनीतली ना, तर आई म्हणाली, “हो, मैत्रीणच तिची. बिचारी.”

“आईला बोलता आलं नाही गं,” पूर्वा म्हणाली. “आय अॅम सो सॉरी, शीला. मी लिहून देते. माझं नाव येऊ दे. आत्ता देते, वकिलांना फोन लाव.”

तिने पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता. पेन हातात धरून ती कागदासाठी पर्स उपसायला लागली. ‘हो, दे लिहून’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. माझ्या मनात त्या क्षणी दुसरं काहीही नव्हतं, दया नाही, मैत्री नाही, फक्त हो होतं. आत त्या आरोपीच्या वकिलाने सकाळपासून तिला कसं सोलून काढलं होतं ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. म्हटलं, “निकाल लागू दे.”

“तू चिडली आहेस.”

“हो,” मी म्हटलं. “खूप. पण तुझ्यावर नाही.” ते पूर्ण खरं नव्हतं.

निकाल लागला. शिक्षा झाली, दहा वर्षं. दारं उघडली तेव्हा पूर्वाने माझ्या गळ्यात हात टाकला आणि मग स्कार्फ नीट करून ती सरळ विमानतळाकडे गेली. मी रिक्षाने घरी निघाले. आनंद झाला होता मला. वाटलं, संपलं. आता लोक विसरतील, मी कंपनी बदलेन, घरी बसून आईबरोबर पोटभर भांडेन.

घरी पोहोचले तर दारात चपलांचा ढीग. संपत येऊन गेला होता, विहारातली माणसं बसली होती. बातमी माझ्या आधी घरी पोहोचली होती: ‘धायरीतील तरुणीला अखेर न्याय’. आईने खीर केली होती. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. मला पाहिल्यावर सगळे उठून उभे राहिले, जणू मी परीक्षेत राज्यात पहिली आले होते. बायकांनी मला जवळ घेतलं. मग समजूतदारपणे सगळे पांगले.

बाबा माझ्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “पोरी, मला माफ कर.”

“कशाबद्दल?”

“तुला त्या नोकरीला मीच पाठवलं. तुझी आई म्हणत होती, घराजवळ बघा. मी म्हटलं, शिकलेली पोर आहे, जाऊ दे. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझा.” त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही डोळ्यांना लावली. “बसपर्यंत सोडायला येत होतो, तेवढंच करता आलं. पण तू एकटीने निभावलंस. बाप कमी पडला.”

“बाबा, तुम्ही तर म्हणालात, तू नाही म्हणतेस ना, मग नाही.”

“म्हटलं. लेकीला बापासमोर नाहीच म्हणावं लागतं. मी काय तुझ्या तोंडून वदवून घेणार होतो?”

म्हणजे इतके दिवस ज्या एका माणसावर मी टेकले होते, त्यानेही मानलं नव्हतं. पण मला राग आला नाही. समोर बसलेला म्हातारा माणूस न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा स्वतःला देत बसला होता, आणि ती शिक्षा मला एका शब्दात माफ करता येणार होती. दार लोटून घेतलं. आई आत होती. मी खाली वाकले आणि बाबांच्या कानात तिचं नाव सांगितलं. खरं नाव. दिलेला शब्द मोडला, कोर्टाचा आदेश मोडला. म्हटलं, “ती होती, बाबा. मी नव्हते. मी फक्त तिच्याबरोबर गेले होते.”

ती आमच्या घरी यायची, आईच्या हातची भाकरी खायची. बाबांना ती चांगली आठवत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

“ती तर बंगळूरला असते ना,” ते म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी हळू. “तिचं नाव कशाला घेतेस, पोरी? तिचं अजून लग्न व्हायचंय.”